पेरणी आणि पंगत यांच्यामधले दिवस



चुलीवर भाजलेलं वांगं, पाट्यावर वाटलेला ठेचा, शेतातल्या झाडाखालची पंगत, हे सगळं आपली मुलं हल्ली तल्लीन होऊन पाहतात. पडद्यावर. समोरच्या ताटातली मेथीची भाजी मात्र तशीच राहते. तुमच्यापैकी काही पालकांनी हे हसत सांगितलं, काहींनी वैतागून. “मोबाइलवर पिठलं बघतो आणि ताटात पिठलं आलं की तोंड वाकडं करतो, याला काय म्हणावं?” मला विचाराल तर यात रागावण्यासारखं काही नाही. मुलाला त्यातलं काहीतरी मनापासून आवडलंय. ते काय आहे, आणि पडद्यावर त्याला काय दिसतच नाही, एवढं मात्र आपण बघायला हवं.

अशा मालिकांमधलं एक गाजलेलं नाव म्हणजे इंग्लंडमधली ‘रिव्हर कॉटेज’. १९९९ मध्ये ती चॅनल फोरवर सुरू झाली. ह्यू फर्नली-व्हिटिंगस्टॉल नावाचा लेखक-स्वयंपाकी लंडन सोडून डॉर्सेटमधल्या एका जुन्या घरात राहायला जातो, भाजीपाला लावतो, डुकरं-कोंबड्या पाळतो आणि ज्या ऋतूत जे हाती लागेल ते शिजवतो. कोरियात २०१४ मध्ये ‘थ्री मील्स अ डे’ आला. त्यात नावाजलेले नट खेड्यातल्या घरात राहून तिन्ही वेळचं जेवण स्वतः रांधतात आणि त्यांची होणारी तारांबळ हीच त्यातली गंमत. आपल्याकडे दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’नं शेतकऱ्याशी शेतीच्या गोष्टी केल्या. पुढे ‘आम्ही सारे खवय्ये’नं घराघरात पाककृती नेल्या. एक कार्यक्रम बांधावर थांबला, दुसरा ओट्यापासून सुरू झाला. बांधावरून ओट्यापर्यंतची वाट आता यूट्यूबवरच्या गावाकडच्या आज्या आणि काकू दाखवतात, आणि मुलं तिथेच खिळतात. आपण खातो ते कुठून तरी येतं, कुणीतरी ते पिकवतं, हे त्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. हे चांगलंच आहे. मालिका बंद करू नका.

पण अर्ध्या तासाच्या भागात एक गोष्ट हमखास कापली जाते, ती म्हणजे वाट पाहणं. बी मातीत गेलं, मध्ये थोडं संगीत वाजलं आणि पुढच्या दृश्यात भाजी चिरायला घेतली! आपल्या जालना जिल्ह्यातल्या शेताचा हिशेब वेगळा आहे. मेथी महिनाभरात खुडायला येते. रब्बीची ज्वारी पेरल्यापासून काढणीपर्यंत चार महिने घेते. तिचा हुरडा खायचा म्हटलं तर मधले थोडेच दिवस मिळतात, ते चुकले की दाणा कडक होतो. तूर मृगात पेरली तर डिसेंबर-जानेवारीत घरी येते. मोसंबीची कलमं लावली तर बागेचं पहिलं धड उत्पन्न पाहायला चार-पाच वर्षं जातात. ऋतूप्रमाणे खाणं म्हणजे काय, हे पाककृतीत सापडत नाही. ते या मधल्या दिवसांत असतं. एखादी गोष्ट अजून नाही, थोड्या दिवसांनी येईल, आणि आली की थोडेच दिवस राहील, हे मुलाला कळलं तर त्याला ऋतू कळला.

आणि हे वाट पाहणंच आज आपल्या मुलांना सर्वांत जड जातं. घरात फुलकोबी बाराही महिने असते, कैरीचा स्वाद पाकिटात मिळतो, मागितलेली वस्तू दोन दिवसांत दारात येते. जालन्यातल्या आपल्या मस्तगड भागातली मुलं नळाच्या पाण्याची वाट पाहायला तेवढी शिकली आहेत, बाकी कशाची पाहावी लागत नाही. मग परीक्षेचा निकाल, मित्राचा रुसवा, खेळातली हार, जिथे म्हणून थांबावं लागतं तिथे ती लगेच बिथरतात. या दोन गोष्टींचा अगदी सरळ संबंध आहे असा माझा दावा नाही. पण थांबायचा सराव घरात कुठेतरी व्हावा लागतो, आणि स्वयंपाकघराइतकी सोपी जागा दुसरी नाही.

थांबवायचं किती, हे जालन्याच्या मोसंबीकडून शिकावं. आंबिया बहर धरायचा असेल तर शेतकरी हिवाळ्यात बागेचं पाणी मुद्दाम तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, काही गळतात, नवख्या माणसाला वाटतं बाग गेली. मग योग्य वेळी पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं, आणि ती फळं पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी उतरतात. ताण थोडा कमी पडला तर बहर विस्कटतो, जास्त झाला तर झाड खचतं. मुलांच्या बाबतीतही माप हेच. सगळं लगेच देणं नको आणि तोडून टाकणंही नको. किती वेळ थांबवायचं हे मुलाकडे बघून ठरतं, शेजाऱ्याच्या मुलाकडे बघून नाही.

आता दुसरी बाजू. या मालिका पाहून मुलांना, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही, वाटतं की पूर्वी गावात सगळं छान होतं, घरचं पिकायचं, घरचं खायचं. मस्तगडातल्या बऱ्याच घरांची मुळं अंबड, परतूर, घनसावंगी, बदनापूरकडच्या गावांत आहेत. कुणी मोंढ्यात काम करतं, कुणी लोखंडाच्या कारखान्यात, कुणी बियाण्यांच्या कंपनीत. आपले आजी-आजोबा स्वयंपूर्ण होते ते हौसेनं नव्हते. डॉर्सेटच्या त्या घरात राहणारा माणूस कंटाळला तर लंडनला परत जाऊ शकत होता. आपल्या आजोबांना ती सोय नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यात माणसं खडी फोडायला गेली. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या जायच्या. रोजगार हमीची योजना त्या काळात जोर धरून पुढे १९७७ मध्ये कायदा झाली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, हे तर तुम्ही स्वतः पाहिलंय. जालना तालुक्यातल्या कडवंची गावानं मात्र १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सोबतीनं पाणलोटाची कामं केली, पुढे शेततळी खोदली, म्हणून तिथल्या द्राक्षबागा टिकल्या. स्वयंपूर्ण होणं म्हणजे आधी पाणी अडवणं, आणि ते एकट्या घराला जमत नाही, गावाला जमावं लागतं. ज्या गढीवरून आपल्या भागाला मस्तगड हे नाव मिळालं, तिच्या आतही दालनं असलेली मोठी विहीर बांधलेली होती. ही गोष्ट मुलांना सांगा. पडद्यावरचं गाव हिरवं दिसतं त्यामागे किती पाणी असतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारला पाहिजे.

बियाण्याचंही असंच. पूर्वी भोपळ्याचं, दोडक्याचं बी राखेत घोळून घरातच ठेवायचे. आज बहुतेक बियाणं विकत येतं आणि त्या व्यवसायात आपल्या जालन्याचं नाव देशभर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली. त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्यानं उत्पन्न वाढलं. पण त्या पिकाचं बी घरी राखून पुन्हा पेरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी दुकानात जावं लागतं. काय मिळालं आणि काय सोडावं लागलं, दोन्ही मुलांसमोर मांडा. निर्णय त्यांना करू द्या.

आणि एक गोष्ट बाबांसाठी. घरचं वाळवण, घरचं लोणचं, घरची येसर आमटी यांचं कौतुक करताना ते कुणाच्या हातांनी व्हायचं ते विसरू नका. पहाटे जात्यावर बसायची ती आजी. उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक शिजवून कुरडया घालायची ती आई. मालिका पाहून उत्साह आला आणि सगळं ओझं पुन्हा आईच्याच डोक्यावर पडलं, तर मुलगा वेगळंच शिकेल. तो शिकेल की जुनं ते सोनं, पण घासायचं मात्र दुसऱ्यानं. यंदा कुरडया करायच्या असतील तर पाटा उचलायला बाबा, गच्चीवर राखण करायला मुलगा, उलटायला मुलगी, असं सगळं घर लागू द्या. जमणार नसेल तर बचत गटाकडून विकत घ्या. त्यात कमीपणा नाही, उलट कुणाच्या तरी घराला हातभार लागतो.

मग घरी करायचं काय? मोठं काही नको.

पहिलं म्हणजे अशी मालिका मुलासोबत बसून पाहा. शेवटी एकच प्रश्न विचारा, “हे ताटात यायला किती दिवस लागले असतील?” उत्तर चुकलं तरी चालेल. गावाकडे फोन लावून विचारायला सांगा. आजोबा खूश होतील, आणि नातवाला पहिल्यांदाच त्यांच्याकडून काहीतरी हवं असेल.

दुसरं, एखादा पदार्थ ठरवा जो तुमच्या घरी हंगामातच होईल. सोलाण्याची आमटी म्हणा, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी म्हणा, पावसाळ्यातली तरोट्याची भाजी म्हणा. बाकीचं वर्ष कितीही मागितलं तरी “त्याची वेळ आली की करू” एवढंच सांगा. मुलाला राग येईल, येऊ द्या. पहिल्या खेपेला त्याला भाजी आवडलीच पाहिजे असंही नाही. तरोटा मलाही लहानपणी आवडत नव्हता. एक घास खाऊन बघ, एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं.

तिसरं, मुलाला एक काम पूर्ण द्या. पूर्ण म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कुंडीत मेथी पेरणं, तिला पाणी घालणं, खुडणं, निवडणं आणि आईबाबांच्या देखरेखीखाली फोडणी देणं. ती वाळली तर गुपचूप दुसरी विकत आणून ठेवू नका. वाळलेली कुंडीही काहीतरी शिकवते. आणि खुडलेली मेथी चौघांना पुरली नाही, तर एक जुडी पिकवायला काय लागतं हे भाषणाशिवाय कळेल.

चौथं, भाजी आणायला जाताना मुलाला सोबत न्या. हिवाळ्यात मेथीच्या जुड्यांचा ढीग लागतो आणि भाव पडतो. आपल्याला बरं वाटतं. त्याच दिवशी कुणीतरी शेतकरी निम्म्या भावात माल टाकून गावी परत जात असतो. हंगामातलं ताजं आणि स्वस्त हे आपल्या बाजूचं सत्य. दुसरी बाजू भाजीवालीला विचारली की ती सांगते. घासाघीस करायची की नाही, हे मग घरी बोला. मुलं यावर अनेकदा आपल्यापेक्षा नीट विचार करतात.

आणि एक करू नका. या सगळ्याचे फोटो काढून लगेच पाठवत सुटू नका. मुलाचं लक्ष कुंडीवरून निघून किती जणांनी पाहिलं याकडे गेलं, की आपणही मालिकाच काढतोय आणि मधले दिवस कापतोय असं होईल.

भोगी जवळ येतेय. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरीसोबत जी मिसळ भाजी करतो, तिची यादी या वेळी मुलाला करू द्या: वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोले, बोरं, जे काही तुमच्या घरी घालतात ते. यादी घेऊन त्यालाच बाजारात पुढे करा, तुम्ही मागे उभे राहा. एखादी वस्तू मिळाली नाही तर ती का नाही, हे त्यानंच विकणाऱ्याला विचारायचं. पाऊस उशिरा गेला, कीड लागली, पेरलंच कमी, जे उत्तर मिळेल ते घरी आल्यावर त्यानं तुम्हाला सांगायचं. त्या दिवशीच्या भाजीत ती वस्तू नसेल. नसू द्या. भाजी तशीच करा.