तारीख हाच माल

चि. छोटीस,


पिंपरी-चिंचवडमधली लग्नं आणि चाकणच्या कंपन्यांचे फॅमिली डे तू आयोजनासाठी घेऊ लागलीस, याचं मनापासून कौतुक वाटतं. पण पहिल्या भेटीनंतर नुसत्या शब्दावर तारीख धरून ठेवायची आणि फुकट आराखडे काढत बसायचं, हे सोड. आधी एक पानाचं कच्चं करारपत्र घे. कागद पुढे केला की लोकांना अविश्वास वाटतो, असं तुझं म्हणणं. अगं, आपल्याकडे सोयरीक जुळवतानाही याद्या होतात; मानपान काय, खर्च कुणाकडे, हे बैठकीत लिहून घेतात आणि त्याने नातं बिघडत नाही. चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावची जत्रा कमिटी येते, तारीख आणि सुपारीची रक्कम ठरते, इसार दिला जातो. त्या रात्री फडाला दुसरं गाव घेता येणार नाही, हे दोघेही जाणतात. तारीख हाच तिथला माल, आणि तुझाही तोच.

मात्र कागद मोघम नको. १८७२च्या करार कायद्याच्या २९व्या कलमानुसार ज्याचा अर्थच निश्चित करता येत नाही तो करार रद्दबातल ठरतो. 'बाकी नंतर ठरवू' एवढ्यावर भागत नाही. तारीख, जागा, अंदाजे माणसं, आराखड्याची फी आणि पक्का करार कधीपर्यंत करायचा, हे त्यात हवं. 'ॲडव्हान्स कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही' हे वाक्य छापील नमुन्यांत दिसतं, ते उचलू नकोस. ७४व्या कलमाखाली न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि तेच न्याय्य आहे. किती दिवस आधी रद्द केलं तर किती रक्कम कापायची, हे तुझ्या खर्चाच्या प्रमाणात लिही. तू स्वतःच माघार घेतलीस तर काय, तेही लिही. एकतर्फी कागदावर सही मागू नये. २०२० साली गुढीपाडवा आणि देशभरची टाळेबंदी एकाच दिवशी, २५ मार्चला आली. कुणाचीच चूक नसताना कार्यक्रम बुडाला तर इसार कुणाचा, तारीख पुढे नेता येईल का, हे आधी ठरलेलं नसेल तर भली माणसंही भांडतात.

कंपनीपुढे आपला कागद कोण बघणार, ही तुझी शंका रास्त आहे. त्यांचं काम परचेस ऑर्डरवर, म्हणजे पीओवर चालतं, आणि तो येईपर्यंत तू मंडपवाल्याला शब्द दिलेला असतोस. म्हणून पीओ येईपर्यंतचं काम कुणाच्या सांगण्यावरून आणि किती रकमेपर्यंत, एवढं तरी ईमेलवर मान्य करून घे. २००६च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात; त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण दिवस मोजायचे ते काम स्वीकारल्यापासून, तेव्हा स्वीकारल्याची सही कोण देणार तेही त्या ईमेलमध्ये असू दे. उद्यम नोंदणी राहिली असेल तर पुढचं काम घेण्याआधी कर, आणि मसुदा मराठीत लिहून मला पाठव.

तुझा,
मामा