मातीच्या भिंतीस बाहेरून गिलावा

देशावरील खेड्यांत पांढरीच्या मातीचीं किंवा मातींत रचलेल्या दगडांचीं घरें अद्याप पुष्कळ आहेत. हातीं चार पैसे आले कीं घरधनी बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतो. घर पक्कें दिसतें खरें; परंतु आमच्या मतें हा खर्च बहुधा अनाठायीं जातो.

मातीची भिंत जमिनींतून ओल ओढते व वाऱ्याउन्हांत ती बाहेर टाकते. पावसाळ्यांत किंचित फुगते, उन्हाळ्यांत आकसते. सिमेंटचा थर ताठ असल्यामुळें भिंतीबरोबर हालत नाहीं व त्यास बारीक चिरा पडतात. चिरेंतून शिरलेलें पाणी मात्र सहजासहजीं परत निघत नाहीं. भिंत आंतल्या आंत मऊ होते, आणि एखाद्या पावसाळ्यांत थर भिंतीची साल बरोबर घेऊनच ढासळतो.

चुन्याच्या गिलाव्यांतून ओल सुटते. मातीस तोच मानवतो. कळीचा चुना विरवून निदान दोन आठवडे पाण्याखालीं ठेवावा, कारण अर्धवट विरलेली कणी मागाहून फुगून भिंतीवर फोड आणते. विरवितांना पाणी उकळूं लागतें. मुलांस दूर ठेवावें व डोळे जपावे. एक भाग चुन्यास तीन भाग चाळलेली वाळू घ्यावी. पावसाच्या माऱ्याच्या बाजूस वाळूपैकीं एक भाग कमी करून तितकीच विटांची बारीक पूड, म्हणजे सुरखी, घातल्यास गिलावा पाण्यास अधिक टिकतो.

भिंतीची सुटी माती खरवडून ती ओलसर करावी व दोन पातळ थर द्यावे. पहिल्यावर ओरखडे काढले म्हणजे दुसरा धरतो. चुना हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु शोषून सावकाश कठीण होतो. म्हणून हें काम पाऊस सरल्यावर, ऊन सौम्य असतां करावें व आठवडाभर पाणी शिंपडावें. चुना परवडत नसेल तर पांढरी माती, भुसा व शेण कुजवून केलेला लेपही चालेल. तो मात्र दरसाल द्यावा लागतो.

गिलाव्यानें भिंतीस बळ येतें हा समज घातक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील जड धाबीं कोसळून हजारों माणसें दगावलीं. अशा घरास आधीं भिंतीच्या आरपार जाणारे दगड व माथ्यावर सलग पट्टा हवा. गिलाव्याचा विचार त्यानंतर.

वळचण दीड हात तरी पुढें असावी. जोत्याशीं खत वा माती रचूं नये. पावसाळा संपतांच भिंत ठोकून पाहावी. पोकळ वाजेल तेवढा भाग काढून चुन्यानेंच भरावा व वरून सफेती द्यावी.