आर्किटेक्चरला जायचंय? आधी स्वतःचं घर मोजा

जून उजाडला की प्रश्न तेच येतात, विचारणारे फक्त बदलतात. "मॅडम, कॉम्प्युटरला नंबर लागत नाहीये, मग आर्किटेक्चर टाकू का?" "कॉलेज सुरू व्हायच्या आधीच थ्रीडीचा क्लास लावला तर पुढे सोपं जाईल ना?" "लॅपटॉप भारीतलाच लागतो म्हणतात, खरं का?" आणि सगळ्यात शेवटी, मुलाला बाहेर बसायला सांगून, आवाज खाली आणून विचारलेला प्रश्न: "पॅकेज किती मिळतं?"

शेवटच्याचं उत्तर आधी देते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. पाच वर्षं रात्री जागवून शिकलेल्या मुलीच्या हातात पहिल्या नोकरीत सॉफ्टवेअरमधल्या चुलतभावापेक्षा बहुधा कमीच पैसे येतात. या व्यवसायात हात बसायला आणि स्वतःच्या नावावर काम मिळायला बराच काळ जातो. ज्या घराला हे परवडणार नाही त्या घराने दुसरी वाट निवडावी, त्यात कसलाही कमीपणा नाही. पण हे माहीत नसताना प्रवेश घ्यायचा आणि मग चौथ्या वर्षी मुलाला टोमणे मारायचे, हा अन्याय आहे.

बाकीची माहिती थोडक्यात. बी.आर्क. पाच वर्षांचं असतं. बारावीला गणित हवं. नाटा ही प्रवेशपरीक्षा किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर द्यावा लागतो, राज्यातले प्रवेश सीईटी कक्षाच्या कॅप फेऱ्यांतून होतात. 1972 च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, म्हणून कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का हे आधी बघा. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर आलेल्या निरोपावर प्रवेश घेऊ नका.

आता मला खरं जे बोलायचं आहे ते. सध्या गावोगावी थ्रीडी रेंडरिंगचे क्लास निघाले आहेत आणि बारावीची परीक्षा संपल्यासंपल्या मुलांना तिथे घातलं जातं. दोन महिन्यांनी मूल मोबाइलवर एक बंगला दाखवतं. पांढरा संगमरवर, दोन मजले उंच हॉल, झुंबर, आणि एक अख्खी भिंत काचेची. चित्र इतकं गुळगुळीत असतं की आईवडिलांचा ऊर भरून येतो. मी विचारते, यात उत्तर दिशा कुठली? पाऊस कुठल्या बाजूने येतो? स्वयंपाकाच्या ओट्याची उंची किती घेतलीस, आणि ती कुणाच्या उंचीप्रमाणे? मूल गोंधळून जातं. ते यातलं काही शिकलेलंच नसतं, कारण क्लासमध्ये कुणी विचारलेलंच नसतं. ती काचेची भिंत पश्चिमेला आली आणि घर नागपूरचं असलं, तर मे महिन्याच्या दुपारी त्या हॉलमध्ये कुणाला बसवणार नाही. मग जाड पडदे लागतात, एसी लागतो, आणि ज्या काचेसाठी एवढा खर्च केला ती सहा महिने झाकून ठेवावी लागते.

सॉफ्टवेअर लागतं, कुणी नाही म्हणत नाही. पण ते कॉलेजात शिकता येतं, पुढे ऑफिसात शिकता येतं, आणि मूल पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत ते बदललेलंही असतं. चकचकीत चित्र काढणं आता संगणकाला एका वाक्यात सांगितलं तरी होतं. ज्या मुलाला फक्त तेवढंच येतं त्याचं काम जाणार, ही भीती रास्त आहे. कुठली भिंत हवी, कुठली नको आणि का, हे ठरवता येणाऱ्या माणसाचं काम राहील. ते ठरवायला बघावं लागतं, मोजावं लागतं, आणि पुष्कळ गोष्टी सोडून द्याव्या लागतात. साधं डिझाइन म्हणजे कमी मेहनत असं ज्यांना वाटतं त्यांनी अहमदाबादला साबरमती आश्रमात जाऊन यावं.

तिथलं गांधी स्मारक संग्रहालय चार्ल्स कोरिया यांनी केलं. मूळ गोव्याच्या कुटुंबातले, 1930 चा जन्म, अमेरिकेत शिकून मुंबईला परतलेले. हे काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांची तिशीही उलटलेली नव्हती. गांधीजींचं स्मारक म्हणजे एखाद्या तरुणाने भव्य घुमट उभारला असता आणि कुणी नावं ठेवली नसती. कोरियांनी शेजारचं हृदयकुंज बघितलं, गांधीजी राहत होते ते बैठं कौलारू घर, आणि त्याच मापात राहायचं ठरवलं. सहा मीटर बाय सहा मीटरचा एक चौरस घेतला. चार कोपऱ्यांना विटांचे खांब, वर कौलांचं उतरतं छप्पर. तोच चौरस पुन्हा पुन्हा मांडत गेले. काही चौरस भिंती घालून बंद केले, काही नुसते छपराखाली मोकळे ठेवले, मधला एक आभाळाला उघडा ठेवून त्यात पाणी साठवलं. पुढे जागा कमी पडली तर आणखी चौरस जोडता यावेत अशी मांडणी केली. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. त्या फिरवून उजेड आणि वारा हवा तेवढा घ्यायचा.

तिथे गेलात तर मुलाला मान वर करून तुळया बघायला सांगा. खांबांना जोडणाऱ्या काँक्रीटच्या तुळया पन्हळीच्या आकाराच्या आहेत. त्या छपराचा भार पेलतात आणि पावसाचं पाणीही त्याच वाहून नेतात. वेगळे पाइप नाहीत, ते झाकायला वेगळं खोटं छत नाही. एकाच वस्तूने दोन कामं करावीत यासाठी त्या तुळईचा आकार किती वेळा खोडून पुन्हा काढावा लागला असेल, याचा विचार मुलाला करू द्या. 1963 मध्ये ही इमारत खुली झाली. आज एखादं मूल पहिल्या वर्षी असं काही घेऊन आलं तर घरचे म्हणतील, यात काय विशेष, शाळेची पडवी दिसतेय.

हेच कोरिया पुढे मुंबईत कांचनजंगा ही उंच इमारत करतात, 1983 मध्ये पूर्ण झालेली. मुंबईत समुद्र, वारा आणि देखावा पश्चिमेकडून मिळतो, पण रणरणतं ऊन आणि झोडपणारा पाऊसही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय शोधला होता. कोरियांनी तो व्हरांडा उचलून आभाळात नेला. प्रत्येक घराला दोन मजले उंचीची खोल गच्ची दिली, तिच्याआड घर सुरक्षित राहतं. प्रेरणा कुठून मिळते असं मुलं फार विचारतात. कोरियांना ती जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यात मिळाली. मोबाइलवर रोज शंभर घरं बघूनही त्यांना काही सुचत नाही, याचं कारण ती घरं कुठल्या हवेत, कुणासाठी आणि किती पैशांत उभी आहेत हे त्या चित्रात दिसत नाही. ज्या घरात तुम्ही एक अख्खा पावसाळा काढला आहे त्याच्याबद्दल तुम्हाला पुष्कळ माहीत असतं.

म्हणून आर्किटेक्चर म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक काम देते: मेजर टेप आणि वही घेऊन स्वतःचं घर मोजून आण. जमलं तर आजोळचंही. कोकणातल्या एका मुलीने आजोबांचं घर मोजून आणलं होतं. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मंगळोरी कौलं. तिने भिंतीची जाडी घेतली, जोत्याची उंची घेतली, आणि वळचण भिंतीपासून किती पुढे येते तेही मोजलं. मग स्वतःहून एक रेघ मारली: पावसाची तिरकी सर भिंतीच्या कितव्या थरापर्यंत पोचते ती. पागोळ्या जिथे पडतात तिथे अंगणात दगड का लावलेत हे तिला आजीने सांगितलं होतं, तेही लिहिलं होतं. चित्र वेडंवाकडं होतं, रेघा पुसट होत्या. मला त्या वहीत एक आर्किटेक्ट दिसली.

तिच्या वडिलांना मात्र ते दिसलं नाही. ते म्हणाले, "साइटवर मुलीच्या जातीचं काय काम? इंटिरियरचा एक वर्षाचा कोर्स करेल, घरबसल्या ऑर्डरी घेईल." हे वाक्य मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी मला तितकाच राग येतो. इंटिरियर हे चांगलं काम आहे, ज्याला आवडतं त्याने जरूर करावं. मुलीला बिल्डिंगपासून लांब ठेवायची सोय म्हणून ते तिच्या गळ्यात मारू नका. पुण्यात जन्मलेल्या अनुपमा कुंडू यांनी 1989 मध्ये मुंबईच्या जे. जे. मधून पदवी घेतली आणि लगेचच पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलला गेल्या. तिथे त्यांनी गावातल्या कुंभारांकडच्या मातीच्या वस्तू आणि हाताने पाडलेल्या बारीक विटा घेऊन घरं बांधली. त्यांचं स्वतःचं वॉल हाउस हे घर 2012 च्या व्हेनिस बिएनाले या प्रदर्शनात पूर्ण आकारात पुन्हा उभारून जगाला दाखवलं गेलं. ही सगळी कामं साइटवर गवंड्यांच्या बरोबरीने उभं राहूनच झाली.

पालकांशी आणखी दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. तुमचा बांधकामाचा धंदा आहे आणि नकाशावर सही करणारं घरचं माणूस हवं, एवढ्यासाठी मुलाला या शाखेत ढकलू नका. सही विकत घेतल्यासारखी मिळते ही समजूत त्याच्या मनात पहिल्या दिवशीच रुजते आणि मग तो काही शिकत नाही. आणि इंजिनिअरिंगचे पर्सेंटाइल कमी पडले म्हणून उरलेली जागा भरायला तर मुळीच पाठवू नका. ज्याला चित्रकलेच्या वहीचा, घरांचा, माणसं घरात कशी वावरतात याचा कंटाळा आहे, त्याची ही पाच वर्षं शिक्षा भोगल्यासारखी जातात. दुसऱ्या वर्षी शाखा सोडणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना हे नको होतं, आणि ते त्यांनी घरी सांगितलेलंही होतं.

एक वाट मात्र अशी आहे जिच्याबद्दल मला कुणीच विचारत नाही, म्हणून मीच सांगते. जुन्या इमारतींचं जतन. 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले 11 महाराष्ट्रातले आहेत. मुंबईतली व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींची रांग 2018 मध्येच त्या यादीत आली. याशिवाय वाई, नाशिक, पैठण अशा गावांतले वाडे, घाट, देवळं, विहिरी आहेत, त्यांतल्या कित्येकांना तर यादीही नाही. किल्ले यादीत गेले तेव्हा फटाके आपण फोडले, पण हे सगळं नीट दुरुस्त करणारी माणसं फार थोडी आहेत.

नीट म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. दगड आणि चुन्यात बांधलेली जुनी भिंत जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडते. चुन्याचा गिलावा तिला ते करू देतो. एखादा उत्साही ठेकेदार मजबुतीसाठी वरून सिमेंटचा गिलावा चढवतो. ओल आत कोंडते, क्षार साठतात, आणि काही पावसाळ्यांत गिलावा दगडाचे पापुद्रे घेऊन गळून पडतो. ज्याने हे केलं त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला चुना माहीत नव्हता. चुनकळी विझवणं, ती मुरत ठेवणं, वाळूबरोबर घाण्यात मळणं, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालणं, हे जाणणारे गवंडी आता म्हातारे झाले आहेत. त्यांच्याजवळ बसून शिकणारा तरुण आर्किटेक्ट मला हवा आहे.

बी.आर्क. नंतर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये आणि अहमदाबादच्या सेप्टमध्ये जतनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. जतनाचं काम त्यातल्या खासगी आर्किटेक्टांकडे, सरकारी योजनांच्या सल्लागारांकडे, जुन्या ट्रस्टांकडे असतं. सरकारी बिलं उशिरा निघतात, हेही ऐकून ठेवा. पण हे काम कसं झालं तर चांगलं म्हणायचं, हे भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघून कळेल. 2005 मध्ये त्याच्या जतनाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मुलाला घेऊन जा, आणि तिथल्या वस्तूंइतकंच छताकडे, खांबांकडे आणि रंगांकडे बघू द्या.

कॉलेज निवडायला जाल तेव्हा ब्रोशरमधल्या रंगीत इमारतीवर जाऊ नका. कामाच्या दिवशी, दुपारी, स्टुडिओत शिरायची परवानगी मागा. भिंतींवर पेन्सिलची चित्रं आहेत की नुसती छापलेली? वीट, लाकूड, चुना हातात घेता येईल अशी कार्यशाळा आहे का, आणि तिच्या कुलपाला गंज तर चढलेला नाही? मुलं दरवर्षी एखादं जुनं गाव किंवा वाडा मोजायला जातात का, आणि गेल्या वर्षी कुठे गेली होती? हे प्राचार्यांना विचारू नका. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना कॅन्टीनमध्ये चहा पाजा आणि त्यांना विचारा.