नावाचा सातबारा
('डिग' या आज्ञेची ओळख)

तृतीय वर्ष कला

गेल्या दिवाळीच्या सुटीतील गोष्ट. आमच्या वाडीत एक काकी राहतात. मालवण-तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकांना त्या आपल्या घरातील दोन खोल्या भाड्याने देतात. एका संध्याकाळी घाटावरचे एक कुटुंब सामानसुमानासह त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पैसे भरल्याची पावती होती. पावतीवर काकींच्या घराचे नाव होते, अंगणातील तुळशीवृंदावनाचे छायाचित्रही खरेच होते. परंतु पैसे मात्र काकींकडे आलेले नव्हते आणि ज्या संकेतस्थळावरून ती पावती मिळाली होती ते काकींनी कधी पाहिलेही नव्हते. खोल्या आधीच भरलेल्या होत्या. मुलेबाळे बरोबर आहेत हे पाहून काकींनी त्या मंडळींना माजघरात जागा करून दिली, गरम जेवण वाढले आणि मग मला हाक मारून विचारले, "नाव तर आमच्याच घराचा आसा, मगे पैसे खंय गेले?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना 'डिग' नावाच्या एका छोट्याशा आज्ञेशी माझी ओळख झाली. मी कलाशाखेचा विद्यार्थी. संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करणे हे आपले काम नव्हे, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती, हे आपल्या महाविद्यालयातील मित्रांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

नाव आणि ठिकाण

संगणकाला नावे कळत नाहीत, आकडे कळतात. महाजालावरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. जुन्या पद्धतीचा पत्ता म्हणजे टिंबांनी विभागलेल्या चार संख्या. प्रत्येक संख्या ० ते २५५ च्या दरम्यानची. असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. ते अपुरे पडू लागले म्हणून पुढे अधिक लांबीचे नवे पत्ते निघाले. माणसाच्या मात्र आकडे ध्यानात राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नावावरून आकडा सांगणारी एक नोंदवही हवी.

आरंभी अशी एकच नोंदवही होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती ठेवली जाई आणि सर्व यंत्रे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी योजना मांडली. एकच मोठी वही ठेवण्याऐवजी नोंदी वाटून द्याव्यात, ज्याचे क्षेत्र त्याने आपली वही सांभाळावी आणि वरच्याने फक्त 'खाली कोणाला विचारावे' एवढेच सांगावे, असा तिचा गाभा होता. पुढच्याच वर्षी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डग्लस टेरी, मार्क पेंटर, डेव्हिड रिगल आणि सॉन्गनियन झाऊ या चार विद्यार्थ्यांनी 'बाइंड' ही प्रणाली लिहून ही योजना तेथील यंत्रांवर चालती केली. आपला 'डिग' आज याच 'बाइंड'च्या संचात मिळतो. जगाच्या उपयोगी पडलेले हे काम विद्यार्थ्यांच्या हातून झाले, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ही वाटणी आपल्याला परकी नाही. आपल्या जमिनीचा सातबारा, म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, मंत्रालयात लिहिला जात नाही, जिल्हाधिकारीही तो स्वतः लिहीत नाहीत. तो गावच्या तलाठ्याच्या दफ्तरातला. वरचे कार्यालय खालच्याकडे बोट दाखवते. नावांचे तसेच आहे.

उजवीकडून वाचा

आपण पत्रावर पत्ता लिहितो तेव्हा आधी माणसाचे नाव, मग घर, वाडी, गाव, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. परंतु टपालखाते तो पत्ता खालून वर वाचते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. घराची चौकशी शेवटी. महाजालावरील नावही तसेच उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असते.

आपल्या विद्यापीठाचे नाव घ्या : एमयू.एसी.इन. (यंत्राला ही अक्षरे रोमन लिपीतच द्यावी लागतात, येथे त्यांचा उच्चार दिला आहे.) सर्वांत उजवीकडचे 'इन' म्हणजे भारत. ही शाखा १९८९ साली आपल्या देशाला मिळाली. आरंभी तिची व्यवस्था मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र पाहत असे. २००५ पासून ती 'निक्सी' या संस्थेकडे आहे. त्याच्या डावीकडचे 'एसी' म्हणजे शिक्षणसंस्था; ही नावे 'अर्नेट' देते. आणि 'एमयू' म्हणजे मुंबई विद्यापीठ. 'जीओव्ही.इन' हा शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतो. रिझर्व्ह बँकेनेही २०२५ साली सर्व बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत 'बँक.इन' या शेवटावर येण्यास सांगितले, ते ग्राहकांची फसवणूक टळावी म्हणूनच.

आता शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्यांनी पुढील दोन नावे पाहावीत. एक : महाडीबीटी.महाराष्ट्र.जीओव्ही.इन. दुसरे, समजा, कोणी असे पाठवले : महाडीबीटी-जीओव्ही-इन.कॉम. दुसऱ्यात सरकारी अक्षरे सगळी आहेत. परंतु उजवीकडून वाचू लागताच पहिला शब्द 'कॉम' येतो. त्याच्या डावीकडचे सारे आडव्या रेघांनी जोडलेले एकच नाव आहे, आणि 'कॉम'खालचे नाव पैसे भरून कोणालाही घेता येते. पत्र मालवणचे म्हणून दाखवले, पण त्यावरचा जिल्हा भलताच, असा हा प्रकार.

प्रत्यक्ष विचारणा

लिनक्स अथवा मॅक यंत्रावर आज्ञापटल उघडून 'डिग' हा शब्द, एक मोकळी जागा आणि पुढे नाव टंकित करावे व एंटर कळ दाबावी. काही यंत्रांवर तो आधी बसवून घ्यावा लागतो. विंडोज यंत्रावर 'एनएसलुकअप' ही जुनी आज्ञा असते. साध्या चौकशीला ती पुरते.

उत्तर प्रथम पाहताना घाबरायला होते, पण त्यात पाहण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. वरच्या भागात 'स्टेटस' असते. तेथे 'नोएरर' असेल तर विचारणा नीट पार पडली. 'एनएक्सडोमेन' असेल तर त्या नावाची नोंदच नाही. 'सर्व्हफेल' असेल तर उत्तर देणाऱ्याकडेच काही बिघाड आहे. त्याखाली आपला प्रश्न आणि त्याखाली उत्तर येते. उत्तराच्या ओळीत पाच रकाने असतात : नाव, आयुर्मान, वर्ग, प्रकार आणि प्रत्यक्ष माहिती. वर्गाच्या रकान्यात 'आयएन' दिसते. ते भारताचे 'इन' नव्हे, इंटरनेटचे आहे. माझी येथे पहिल्या दिवशी फसगत झाली होती.

आयुर्मानाचा रकाना मनोरंजक आहे. तेथील आकडा सेकंदांत असतो; ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. एकदा मिळालेले उत्तर मधले सेवक तेवढा वेळ स्वतःजवळ ठेवतात आणि पुन्हा कोणी विचारल्यास तेच सांगतात. पडताळा पाहावयाचा असेल तर एकच प्रश्न दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा विचारा. बहुधा दुसऱ्या वेळी आकडा सुमारे दहाने उतरलेला दिसेल. फेरफार मंजूर झाला तरी कोणाच्या खिशात जुना उतारा असतोच; तो उतारा किती काळ चालेल, हे हा रकाना सांगतो.

नावापुढे नोंदीचा प्रकार लिहिला तर तेवढीच नोंद मिळते. 'ए' म्हणजे चार संख्यांचा पत्ता, चार वेळा 'ए' म्हणजे नवा लांब पत्ता. 'एमएक्स' म्हणजे त्या नावाची टपालपेटी कोठे आहे ते. 'एनएस' म्हणजे त्या नावाचे दफ्तर कोणाकडे आहे ते. तलाठी कोण, असे म्हणा ना! 'सीनेम' म्हणजे 'हे दुसऱ्या एका नावाचे टोपणनाव आहे' अशी नोंद. 'टीएक्सटी' म्हणजे मोकळा मजकूर. आमच्या नावाने पत्रे कोणत्या यंत्रांनी पाठवावीत, असले नियम तेथे लिहिलेले असतात.

आणखी तीन युक्त्या सांगतो. अधिक चिन्ह लावून 'शॉर्ट' लिहिले की पाल्हाळ गळून नुसते उत्तर येते. 'अ‍ॅट'चे चिन्ह लावून एखाद्या सेवकाचा पत्ता दिला, उदाहरणार्थ ८.८.८.८ किंवा १.१.१.१, तर त्याच सेवकाला प्रश्न जातो; दोघांची उत्तरे ताडून पाहता येतात. अधिक चिन्हासह 'ट्रेस' लिहिले तर सारी वाटच डोळ्यांपुढे उलगडते. प्रथम मूळ सेवक दिसतात. त्यांची नावे ए पासून एम पर्यंत तेराच आहेत, परंतु त्यांच्या प्रती जगभर आहेत, मुंबईतही आहेत. ते 'एमयू' कोण हे सांगत नाहीत. '"इन"वाल्यांना विचारा' एवढेच सांगतात. 'इन'वाले पुढच्या दफ्तराकडे बोट दाखवतात. असे करीत उत्तर मिळते. काही ठिकाणच्या जोडणीवर ही विचारणा अडवलेली असते, तेव्हा पहिल्याच पायरीला गाडी थांबली तर नवल मानू नये.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. २७ ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' हा देवनागरी शेवट सुरू झाला. मात्र नोंदवहीत आजही देवनागरी अक्षरे जशीच्या तशी राहत नाहीत. त्यांचे रोमन अक्षरांत रूपांतर होते. 'भारत' या शब्दाची नोंद एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे एच२बीआरजे९सी अशी आहे. असे काही दिसले तर ते गूढ मानू नये, मूळ नाव दुसऱ्या लिपीतले असू शकते एवढे समजावे. कधी त्याचा गैरफायदाही घेतला जातो. रशियन लिपीतील 'अ' रोमन 'ए'सारखाच दिसतो. डोळा फसतो, नोंद फसत नाही.

काय कळते, काय कळत नाही

आता काकींच्या प्रश्नाकडे वळू. पावतीवरचे नाव आम्ही 'डिग'ला विचारले. पत्ता मिळाला. तो जागा भाड्याने देणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या यंत्राचा होता, जेथे एकाच पत्त्यावर असंख्य संकेतस्थळे नांदतात. त्यावरून माणूस सापडत नाही. टपालपेटीची नोंदच नव्हती. म्हणजे त्या नावाने पत्रे घेण्याची व्यवस्था कोणी केलेली नव्हती. मग 'हूइज' ही दुसरी आज्ञा चालवली. ती नाव कधी व कोणामार्फत घेतले हे सांगते. घेणाऱ्याची ओळख झाकलेली होती, पण तारीख उघड होती. काकी खोल्या देऊ लागल्याला आठ वर्षे झाली. ते नाव मात्र दिवाळीच्या तीन आठवडे आधी घेतलेले होते. ही माहिती त्या कुटुंबाने १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार देताना सांगितली आणि ज्याच्यामार्फत नाव घेतले होते त्या कंपनीलाही आम्ही कळवले. पैसे परत आले नाहीत. संकेतस्थळ काही दिवसांनी बंद झाले.

म्हणून मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. 'डिग' नोंद सांगतो, नियत सांगत नाही. सातबारा खरा असला म्हणून खातेदार सज्जन ठरत नाही. शिवाय मधल्या सेवकाने उत्तर बदलून दिले तर साध्या विचारणेत ते कळत नाही. त्यासाठी उत्तरांवर सही करण्याची पद्धत निघाली आणि २०१० साली मूळ दफ्तरही तसे सही झाले. परंतु खालच्या सर्वच नावांनी ती अजून स्वीकारलेली नाही. तरीही पैसे भरण्यापूर्वी नाव उजवीकडून वाचणे, ते कोणाच्या क्षेत्रात येते हे पाहणे आणि ते केव्हा घेतले ते विचारणे या तीन गोष्टींना पाच मिनिटेही लागत नाहीत. त्या कुटुंबाला हे कोणी सांगितले असते तर!

पौषात काकींनी आपल्या घराच्या नावाचे संकेतस्थळ रीतसर घेतले. नोंदी मी आणि त्यांच्या मुलीने बसून भरल्या. पत्ता भरताना एक आकडा चुकला, तो दुरुस्त केला, तरी तासभर जुनाच आकडा दिसत राहिला. आयुर्मान ३६०० लिहिले होते ना! काकी तोवर दर दहा मिनिटांनी डोकावून विचारीत होत्या, "इला काय रे आमचा नाव?" शेवटी ते आले, तेव्हा त्यांनी पडद्यावरचा तो आकडा वहीत उतरवून घेतला आणि वही घरपट्टीच्या पावत्यांशेजारी ठेवून दिली.

विद्यार्थी मित्रहो, या नोंदवह्या सर्वांना खुल्या आहेत. त्यांना विचारण्यास अर्ज लागत नाही, शुल्क लागत नाही, विज्ञानशाखेची पदवीही लागत नाही. आपल्या घरी, शेजारी कोणाकडे असा संशयाचा दुवा आला तर तो पुढे पाठवण्याआधी एकदा विचारून पाहा.