खुबा बसला, तरी सावध राहा

गेल्या आठवड्यात पस्तिशीचे एक शेतकरी लंगडत माझ्या दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, सहा महिने गुडघा दुखतोय. तेल लावून, मालिश करून थकलो," म्हणाले. गुडघा तपासला, तर निर्दोष. पण पाय आत वळवताच ते कळवळले. विचारपूस केल्यावर कळले, की दीड वर्षापूर्वी मोटारसायकलवरून पडून त्यांचा खुबा निखळला होता. तो बसवला, दोन-तीन महिन्यांत ते शेतावर जाऊ लागले आणि अपघात विसरून गेले. दुखण्याचे मूळ मात्र तिथेच होते.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. हा गोळा मांडीच्या हाडाचे वरचे टोक होय. त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागाला चिकटून वर जातात. खुबा निखळला किंवा हा भाग मोडला, की त्या तुटतात वा दबतात. रक्त न मिळालेले हाड हळूहळू मरते आणि शरीराच्या भाराने गोळा खचतो. याला काही महिने, कधी दोन-तीन वर्षेही लागतात. म्हणूनच रुग्ण गाफील राहतो.

कमावलेले शरीरही यातून सुटत नाही. अमेरिकेतील नामांकित खेळाडू बो जॅक्सन याच्या खुब्याला जानेवारी १९९१ मध्ये सामन्यात इजा झाली. पुढे गोळ्याचे हाड मेले आणि १९९२ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याला कृत्रिम सांधा बसवावा लागला.

मग काय करावे? निखळलेला खुबा घरी ओढाताण न करता शक्यतो सहा तासांच्या आत रुग्णालयात बसवून घ्यावा. बरे वाटले, तरी किमान दोन वर्षे डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी तपासणी करावी. जांघ, मांडी किंवा गुडघा दुखू लागल्यास जुना अपघात आवर्जून सांगावा. सुरुवातीला एक्स-रे निर्दोष येऊ शकतो, एम.आर.आय. तपासणीत दोष लवकर दिसतो. गोळा खचण्यापूर्वी हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया काही रुग्णांना उपयोगी पडते. दारू आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही हाच विकार होतो. त्या टाळाव्यात.

आमच्या या शेतकरी बंधूंचा गोळा खचला आहे. आता कृत्रिम सांध्याचा विचार करावा लागेल. मालिशीत गेलेले ते सहा महिने परत येणार नाहीत. निदान आपले तरी तसे जाऊ देऊ नका.