आधी बॅटरी तोला

जुन्या म्युझिक प्लेअरमध्ये काही बदल करायचा म्हटले की लोक आधी विचारतात, "गाणी किती मावतील?" मग विचारतात, "आवाज वाढेल का?" बॅटरीचे नाव कुणी काढत नाही. माझ्या अनुभवाने हा क्रम उलटा हवा. या एवढ्याशा यंत्रात धोका असतो तो बॅटरीत आणि पैसे वसूल होतात तेही बॅटरीतच. भिवंडीत तर हे जास्तच खरे. आमच्याकडे घराला लागून कारखाना आणि कारखान्याला लागून सुताचा, कापडाचा साठा. इथे लागलेली आग एका घरापुरती राहत नाही, हे गोदामांच्या आगी पाहिलेल्या प्रत्येक भिवंडीकराला ठाऊक आहे.

माझे वडील यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे. निवृत्तीनंतर त्यांना फक्त गाण्यांसाठी एक वेगळे यंत्र हवे होते, कारण मोबाइलवर गाणे रंगात आले की फोन वाजायचा. त्यांच्यासाठी मी पाचव्या पिढीचा आयपॉड जुना घेतला. हे मॉडेल २००५ च्या ऑक्टोबरात आले. ॲपलने मे २०२२ मध्ये आयपॉड कायमचा बंद केला, त्यामुळे आता मिळतो तो वापरलेलाच आणि त्याची बॅटरी बहुधा दमलेली. शिकायला हे मॉडेल चांगले. पुढून प्लास्टिक, मागून स्टील, आणि दोन्ही भाग नुसत्या खाचांत अडकलेले. प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवत नेली की उघडते. पण झटक्याने उघडू नका, दोन्ही भागांना जोडणारी कागदासारखी चपटी केबल आत असते आणि ती सहज फाटते. स्क्रू ड्रायव्हर तर नकोच. त्याचे टोक बॅटरीत घुसले तर आतल्या आत शॉर्ट होऊन ती पेटते. नंतरच्या आयपॉड क्लासिकचा पुढचा भाग धातूचा आहे. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आत नवी बॅटरी बसवली. विक्रेत्याने दिली तेव्हा तिच्यावर ३००० एमएएच छापलेले होते. प्लेअर छान चालला. मग पावसाळ्यात एके दिवशी बाबा म्हणाले, "अगं, याचं मधलं बटण दाबलंच जात नाहीये." हातात घेऊन पाहिले तर एका कडेला फट पडली होती, नख आत जाईल एवढी. बॅटरी फुगून तिने बटणाच्या पाठीमागची जागा भरून टाकली होती. चार्जरला न लावता प्लेअर गच्चीवर नेला आणि उघडला. चांदीच्या रंगाची चपटी पिशवी उशीसारखी टचटचीत झाली होती, आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत होता. हा वास आतल्या द्रावणाचा असतो आणि तो हुंगत बसण्यासारखा नाही. कनेक्टर सोडवून बॅटरी कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा उघड्यावर, सुतापासून लांब.

फुगलेल्या बॅटरीबाबत एकच नियम पाळा. ती टोचू नका, दाबू नका, आणि "अजून चालतेय की" म्हणून पुन्हा चार्ज करू नका. पेटलीच तर भरपूर पाणी मारून थंड करा आणि धुरापासून दूर राहा. टाकून द्यायची ती घरच्या कचऱ्यात नाही. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर तिथेच पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात त्या द्या, तोवर टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा.

त्याच खेपेची दुसरी, न वापरलेली बॅटरी माझ्याकडे होती. ती मी सोनाराच्या काट्यावर ठेवली आणि तिथे सगळा उलगडा झाला. लिथियम पॉलिमर बॅटरीचे वजन दर हजार एमएएचला साधारण १८ ते २० ग्रॅम भरते. म्हणजे ३००० एमएएचची बॅटरी ५५ ग्रॅमच्या आसपास हवी. काट्यावर भरले १७ ग्रॅम! छापील आकड्याच्या तिसऱ्या हिस्स्याएवढाही माल आत नव्हता. खोटा आकडा छापला म्हणून बॅटरी फुगत नाही, हे खरे. पण जो आकडा खोटा छापतो, तो जुन्या फोनमधून काढलेला सेल नव्या वेष्टनात घालायलाही मागेपुढे पाहत नाही.

वजनासारखीच दुसरी खूण मापाची. अशा बॅटरीवर पुष्कळदा सहा आकडी नंबर असतो. समजा ४०४०५० आहे, तर जाडी ४ मिलिमीटर, रुंदी ४०, लांबी ५०. एवढ्या आकारात ८०० ते ९०० एमएएच मावतात, त्याहून फार जास्त नाहीत. कुणी याच मापात ३००० सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन घ्या नाहीतर घरपोच मागवा, बॅटरी हातात आली की आधी काटा आणि पट्टी, मग सोल्डरिंग आयर्न. आमच्या बाजारात सूतसुद्धा तोलल्याशिवाय कुणी घेत नाही, मग बॅटरी का घ्यावी?

बसवतानाच्या दोन गोष्टी नीट ऐका. बॅटरीला कधी लाल-काळीबरोबर तिसरी वायर असते. ती तापमान कळवणाऱ्या थर्मिस्टरची. नव्या बॅटरीला ती नसेल तर काही जण तिच्या जागी एक साधा रेझिस्टर जोडून प्लेअरला गप्प करतात. मग बॅटरी कितीही तापली तरी प्लेअरला ती थंडच वाटते. मे महिन्यात पत्र्याखालच्या कारखान्यात हा खेळ फार महागात पडू शकतो. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करूच नये. तसाच थर्मिस्टर असलेली बॅटरी शोधा, थोडे थांबावे लागले तरी चालेल.

दुसरी गोष्ट, नवे चार्जिंग पोर्ट बसवणाऱ्यांसाठी. जुन्या प्लेअरला टाइप-सी लावायची सध्या हौस आहे आणि त्यासाठी टीपी४०५६ हे छोटे, स्वस्त बोर्ड सर्रास वापरतात. बोर्ड वाईट नाही. पण ते येते तेव्हा त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि त्यामुळे ते १ ॲम्पिअरने चार्ज करते. छोट्या प्लेअरची बॅटरी जेमतेम ३०० एमएएचची असते. तिला तिच्या क्षमतेच्या तिप्पट करंट मिळतो. हा रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लावा, करंट २५० मिलिॲम्पिअरवर येतो. १० किलोओहमला तो १३० च्या आसपास राहतो आणि मला तोच आवडतो. रात्रभरात चार्ज झाले तरी घाई कुणाला आहे? जोडताना बॅटरीची एकेकच वायर कापा, तिच्यावर टेप लावा आणि मगच दुसरीला हात लावा. दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीच शॉर्ट करते. सेलच्या अंगावर थेट सोल्डर तर कधीच मारू नका.

हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड लावणे हा बदल मात्र मी कुणालाही सुचवेन. फिरणारी डिस्क धक्क्याने मरते, कार्डाला धक्क्याचे भय नाही. जागाही मोकळी होते आणि त्या जागेत खरोखरची मोठी बॅटरी बसते. कार्डांतही बनावट माल आहेच. संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत प्रोग्रॅमने कार्ड पूर्ण भरून, पुन्हा वाचून तपासा. आणि सहाव्या पिढीचा क्लासिक असेल तर १२८ जीबीच्या पुढे जाऊ नका, मूळ सॉफ्टवेअरला त्यापलीकडचे दिसत नाही.

आवाज "शुद्ध" करण्यासाठी आतले कपॅसिटर बदलणे, डॅकपासून, म्हणजे फाइलचा आवाजात बदल करणाऱ्या चिपपासून, वेगळी तार बाहेर काढणे, हेही लोक करतात. अमेरिकेतल्या रेड वाइन ऑडिओ कंपनीचा आयमॉड हा बदललेला आयपॉड यासाठीच नावाजला होता. तांदळाच्या कणीएवढे भाग उचलायला भिंग आणि स्थिर हात लागतो. ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याने जरूर करावे. बाकीच्यांनी तेच पैसे कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनवर घालावेत, फरक पहिल्याच गाण्यात ऐकू येतो. आणि एका कानातला आवाज गेला म्हणून प्लेअर उघडण्याआधी जॅकमध्ये टॉर्च मारून पाहा. भिवंडीत निम्म्या वेळा आत कापसाची तूस दाबून बसलेली असते. लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई नको, ती आतली पातळ पट्टी वाकवते.

राहिला मोठ्या आवाजाचा प्रश्न. मागावर काम करणारे माझ्याकडे येतात ते बहुतेक यासाठीच, मागाच्या खडखडाटात गाणे ऐकू यावे म्हणून. रॉकबॉक्स हे २००१ पासून चालत आलेले मोफत सॉफ्टवेअर पाचव्या पिढीच्या आयपॉडवर टाकले की आवाज नेहमीच्या पातळीवर आणखी ६ डेसिबल चढवता येतो. हे करायला काही मिनिटे लागतात, आणि मागावर ऐकायचे असेल तर मी ते करून देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ठीक, पण ९० डेसिबलला जेमतेम ४ तास. यंत्रमागाच्या शेडमध्ये मागच ९० च्या वर ओरडत असतात, आणि गाणे ऐकू यायचे तर त्याहून मोठे लावावे लागते. आपल्याकडे कारखान्यांसाठी ९० डेसिबलला आठ तासांची मर्यादा आहे, तीही गाण्याशिवायची.

बाबांना झांजा आणि टाळ ऐकू येत नाहीत, ढोलकी येते. आवाजाने होणारे बहिरेपण असेच सुरू होते, चार हजार हर्ट्झच्या आसपास, वरच्या सुरांतून. कानातल्या त्या सूक्ष्म पेशी पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे प्लेअरमधला कोणताही बदल ते सूर परत देणार नाही. म्हणून आवाज वाढवून मागणाऱ्याचा प्लेअर मी उघडत नाही. आधी कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून यायला सांगते, आणि तिच्या आलेखात चार हजारांपाशी खड्डा दिसला तर प्लेअर घरी ठेवून कामावर घालायला इअरमफ घ्यायला सांगते.