दागिन्यांसाठी स्टीलची तार: किलोने नको, कामाने निवडा



घरबसल्या दागिने बनवायचे म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आधी मण्यांकडे जातं. रंग कोणता, डिझाइन कोणतं, पेंडंट कुठून आणायचं. तारेचा विचार शेवटी, आणि तोही "जी स्वस्त मिळेल ती" एवढाच. पण गिऱ्हाइकाच्या अंगाला मणी कमी आणि तार जास्त लागते. कानात जातो तो हूक तारेचा असतो. मंगळसूत्र तुटतं ते मण्यात नाही, तारेत तुटतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात खामगावला रजतनगरी म्हणतात. खामगावची चांदी लांबून लोक विश्वासाने घेऊन जातात. म्हणजे आपलं गिऱ्हाईक धातू ओळखणारं आहे, त्याला गृहीत धरू नका. तुम्ही स्टीलचे दागिने विकणार असाल तर चांदीशी स्पर्धा करायची नाही, पण विश्वास चांदीवाल्यांसारखाच कमवायचा. तो कमवायची सुरुवात तारेपासून होते. व्हिडिओत हाताने काम कसं करायचं ते बघता येतं. इथे आकडे आणि कारणं नीट लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

1. आधी हिशेब: तारेत किती पैसे वाचतात?

0.8 मिमी जाडीची एक मीटर स्टीलची तार साधारण 4 ग्रॅम भरते. म्हणजे एका किलोत सुमारे 250 मीटर. कानातल्याच्या एका हूकला साडेचार सेंटिमीटर तार धरा. एका मीटरमध्ये 22 हूक, म्हणजे 11 जोड्या निघतात.

आता समजा, साधी तार 600 रुपये किलो आहे आणि चांगली तार दुप्पट, म्हणजे 1200 रुपये किलो. (हे भाव हिशेबापुरते धरलेत, तुमच्या बाजारातला भाव घालून पुन्हा मांडा.) एका हूकमध्ये 0.18 ग्रॅम तार जाते. साध्या तारेचा हूक पडला 11 पैशांना, चांगल्या तारेचा 22 पैशांना. जोडीमागे फरक किती? 22 पैसे.

आता बाकीचा खर्च बघा. मणी आणि पिन 8 रुपये, कार्ड आणि पाकीट 3 रुपये, 12 मिनिटांची मजुरी तासाला 60 रुपये दराने 12 रुपये. एक जोडी 23 रुपयांच्या आसपास पडते. गंज लागला म्हणून एक जोडी परत आली की 100 जोड्यांवर तारेत वाचवलेले पैसे गेले. शिवाय गावात बातमी पसरली ती वेगळीच. "त्या बाईच्या झुमक्यानं माझा कान पिकला" हे वाक्य आठवडी बाजारात तुमच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा लवकर फिरतं.

म्हणून पहिला नियम: काटकसर डब्यात करा, कार्डात करा, प्रवासात करा. अंगाला लागणाऱ्या तारेत करू नका.

2. दुकानात "स्टीलची तार द्या" म्हणू नका

हार्डवेअरच्या दुकानात "तार द्या" म्हटलं की समोर तीन-चार वेगळ्याच वस्तू येऊ शकतात.

बाइंडिंग वायर, म्हणजे सेंट्रिंगवाले सळया बांधायला वापरतात ती. हे साधं लोखंड, घाम लागला की गंजतं. दागिन्याला अजिबात नको.

जीआय तार. वरून जस्ताचा थर, आत लोखंड. दिसायला चकचकीत असते, पण तुम्ही जिथे कापता तिथे आतलं लोखंड उघडं पडतं. कानात नेमकं तेच टोक जातं.

स्टेनलेस स्टील. आपल्याला हवी ती ही, पण यातही ग्रेड असतात. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 316 मध्ये त्यासोबत 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाला, म्हणजेच घामाला, ती जास्त टिकते. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. ती स्वस्त पडते, पण गंजाला तेवढी टिकत नाही.

आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मे महिन्यात, आणि ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. घाम म्हणजे मिठाचं पाणीच. म्हणून कानाच्या हूकसाठी 316 किंवा 316 एल घ्या. साखळी, कडी, मण्यांची गुंफण यासाठी 304 चालते. 202 अंगावरच्या दागिन्याला टाळा.

दुसरी गोष्ट, जाडी. "20 गेज द्या" म्हणू नका. ब्रिटिश मापात 20 गेज म्हणजे 0.91 मिमी आणि अमेरिकन मापात 0.81 मिमी. ऑनलाइन मागवली तर एक येते, दुकानात घेतली तर दुसरी. नेहमी मिलिमीटरमध्ये मागा आणि एक साधा डिजिटल व्हर्नियर जवळ ठेवा.

3. लोहचुंबकावर विसंबू नका

"चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांगलं स्टील" असं सर्रास सांगतात. हे अर्धवट आहे. 202 लाही मऊ असताना चुंबक चिकटत नाही. उलट चांगली 304 तार ओढून कडक केलेली असेल तर चुंबक थोडं ओढतं. चुंबक जोरात चिकटलं तर शंका घ्या, पण चिकटलं नाही म्हणून खात्री धरू नका.

खात्रीसाठी दोन गोष्टी करा. एक, बिलावर ग्रेड लिहून घ्या. जो दुकानदार ग्रेड लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याकडून कानाची तार घेऊ नका. दोन, घरी मिठाची चाचणी करा. एक पेला पाणी (सुमारे 200 मिली), त्यात दोन चमचे मीठ. तारेचे कापलेले तुकडे टिश्यू पेपरात गुंडाळा, त्या पाण्याने भिजवा आणि झाकण अर्धवट ठेवून चार दिवस राहू द्या. कागद सुकला की पुन्हा भिजवा. शेजारी बाइंडिंग वायरचा एक तुकडा तसाच ठेवा, म्हणजे तुलना कळेल. त्यासाठी लोणारच्या सरोवराचं खारं पाणी आणायची गरज नाही, घरातलं मीठ पुरतं! कागदावर तांबूस डाग आला की ती तार बाद. मात्र ही चाचणी 304 आणि 316 मधला फरक सांगत नाही, त्यासाठी बिलच लागतं.

म्हणून पहिल्यांदा किलो घेऊच नका. 10-10 मीटरचे नमुने घ्या, चाचणी करा, मग मोठी खरेदी. सुटी घेताना भाव जास्त पडेल. तो तुमच्या शिक्षणाचा खर्च समजा.

4. कोणत्या कामाला कोणती तार

कानाचा हूक: 0.8 मिमी, मध्यम कडक. अगदी मऊ तार घेतली तर हूक उघडून कानातलं पडतं.

जंप रिंग आणि साखळी: 0.8 ते 1 मिमी.

मणी गुंफणं, गुंडाळणं: 0.4 ते 0.5 मिमी, मऊ. 0.5 मिमीची तार किलोला साधारण 640 मीटर निघते, त्यामुळे इथे थोडी तारही खूप दिवस पुरते.

काळे मणी, मोती ओवणं: इथे सुटी तार नको, गिअर वायर घ्या. बारीक स्टीलच्या धाग्यांना पीळ देऊन वर नायलॉनचा थर दिलेला असतो. आत धागे जितके जास्त (7, 19, 49), तितकी ती मऊ आणि अंगावर छान बसणारी. पूर्वी मंगळसूत्र ओवायला पटवेकऱ्यांकडे दोरा असायचा, आता ते काम गिअर वायर करते. टोकाला गिअर लॉक दाबायचा, आणि दाबल्यावर दोन्ही हातांनी ओढून बघायचं. तारेला एकदा मुरड पडली की तो भाग कमजोर झाला. सरळ करून वापरू नका, कापून टाका.

5. स्टील चांदीसारखं माफ करत नाही

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण नवीन लोकांची तार इथेच वाया जाते. सोनारकाम करणारा चांदीची तार वाकवतो, ती कडक झाली की आच देऊन पुन्हा मऊ करतो. चुकली तर वितळवतो, तुकड्यालाही भाव असतो. स्टीलचं तसं नाही. 304 पुन्हा मऊ करायला सुमारे 1010 ते 1120 अंश सेल्सिअस उष्णता लागते. चांदी 962 अंशांनाच वितळते! म्हणजे स्टील मऊ होईपर्यंत चांदीचं पाणी झालेलं असतं. घरच्या गॅसवर हे जमत नाही. उलट तार निळी-तपकिरी पडते आणि त्या जागी तिची गंज अडवायची ताकद कमी होते.

म्हणून एक वाक्य लक्षात ठेवा: स्टील एकदाच वाकवायचं. मागे-पुढे केलं की तिथे ती कडक होते आणि मोडते. आधी कागदावर आकार काढा, तारेवर मार्करने खूण करा, मग पक्कड लावा.

स्टील वाकवल्यावर थोडं परत उलगडतं. 5 मिमी सळईवर गुंडाळलेली रिंग 5 मिमीपेक्षा मोठी निघते. आधी तीन वेढे घालून मोजा, मग गरज पडली तर बारीक सळई घ्या.

जंप रिंग उघडताना दोन्ही टोकं बाहेर फाकवू नका. एक पुढे, एक मागे असं वळवा. बंद करताना टोकं थोडी पलीकडे नेऊन परत आणा, म्हणजे फट राहत नाही.

साखळीचा हिशेब असा: आतून 5 मिमी रिंग, 0.8 मिमी तार. एका रिंगला 1.82 सेंमी तार लागते आणि ती साखळीची लांबी 5 मिमीने वाढवते. 45 सेंमी साखळीला 90 रिंगा, म्हणजे सुमारे 1.64 मीटर तार. वाया जाणारी धरून 1.8 मीटर, साधारण 7 ग्रॅम. प्रत्येक रिंगला 20 सेकंद धरले तर नुसतं जोडायला अर्धा तास. पैसे तुमच्या वेळेचे आहेत, तारेचे नाहीत.

6. हत्यारं आणि सुरक्षा

तांब्याची तार कापायचा नाजूक कटर स्टीलवर चालवू नका, धारेला खाच पडते. कडक तारेचा कटर वेगळा घ्या. गोल तोंडाची आणि चपट्या तोंडाची पक्कड दातेरी नसावी. लोखंडी हत्याराने तार खरवडली तर लोखंडाचे कण तारेवर बसतात, आणि गंज त्या कणांना लागतो. मग आपण विनाकारण तारेला दोष देतो. पकडीच्या तोंडाला टेप लावा आणि स्टीलसाठी कानस वेगळी ठेवा.

कापताना तुकडा गोळीसारखा उडतो. चष्मा घाला, टोक खाली जमिनीकडे धरा आणि त्यावर बोट ठेवूनच कापा. घरात लहान मुलं असतील तर खाली चादर अंथरून काम करा आणि नंतर झटकून तुकडे गोळा करा.

हूकचं टोक कानशीने गोल करा, मग 400, 600 आणि 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. स्वतःच्या ओठांवरून हलकेच फिरवून बघा. टोचलं तर अजून घासायचंय. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून पॅक करा.

7. गिऱ्हाइकाला काय सांगायचं

कार्डावर स्पष्ट लिहा: "हूक: स्टेनलेस स्टील 316". तुमच्या बिलावर तो ग्रेड असेल तरच लिहा. "चांदीसारखं", "खामगाव चांदी पॉलिश" असले शब्द नकोत. गिऱ्हाईक एकदा फसेल, पण दुसऱ्यांदा येणार नाही.

"अजिबात ॲलर्जी होणार नाही" अशी हमीही देऊ नका. 304 आणि 316 मध्ये निकेल असतं. ते धातूत घट्ट बांधलेलं असल्यामुळे फार कमी बाहेर येतं, म्हणून बहुतेकांना त्रास होत नाही. पण ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांना होऊ शकतो. नुकताच कान टोचलेल्या बाळासाठी कोणी मागितलं तर सरळ सांगा, "ताई, जखम पूर्ण भरू द्या, मग घ्या." एक विक्री जाईल, पण माणूस जोडला जाईल.

या आठवड्याचा गृहपाठ

दोन दुकानांतून 0.8 मिमी तारेचे नमुने बिलासह आणा. मिठाची चाचणी लावा आणि रोजची नोंद वहीत करा. पास झालेल्या तारेचे 10 जोडी हूक बनवा, घरच्या आणि शेजारच्या बायकांना आठवडाभर घालायला द्या. कोणाला टोचलं, कोणाला खाज आली, कोणाचा हूक उघडला, सगळं लिहा. शेगावला भाविकांची गर्दी असो, 12 जानेवारीला सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव असो की देऊळगाव राजाची बालाजी यात्रा, स्टॉल लावण्याआधी ही वही भरलेली हवी.

पुढच्या धड्यात याच 10 जोड्यांची किंमत ठरवू, दुकानदाराचं कमिशन धरून. तोपर्यंत तार मोजा, तपासा, आणि एकदाच वाकवा!